लिनक्सवर शॉर्टकट आपल्या हाताला बसतील असे कसे करायचे? (मराठी टंकताना येणाऱ्या कटकटींसह)

ओसरी

मंडळी, नमस्कार. मुद्रितशोधन आणि भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही. चांगलं चालणारं यंत्र भंगारात द्यायला मन होईना, म्हणून भाच्याकडून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकून घेतली. मशीन पळतंय झकास. अडलंय ते शॉर्टकटपाशी.

मी दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाणित कळरचनेत, टंकते. भाच्याने कीबोर्डच्या यादीत फक्त मराठी ठेवली आणि इंग्रजी काढून टाकली. तेव्हापासून बऱ्याच प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड काहीच करत नाहीत. उंदीर पकडून एडिट मेनूतून कॉपी करते आहे, मनगट भरून आलंय.

दुसरं, विंडोजवर ऑल्ट दाबून ०१४७ आणि ०१४८ टंकलं की गोल अवतरणचिन्हं यायची. इथे ते चालत नाही. रुपयाचं चिन्हही सापडत नाही. तिसरं, सुपर-१ (सुपर म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ) दाबलं की चालू कामाचं फोल्डर आणि सुपर-२ ला शब्दकोश उघडावा असं हवंय. सेटिंगमध्ये गेले तर शॉर्टकटची यादी दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिसते, दोन्हींत वेगळंच काहीतरी. आणि ते कॅप्सलॉक! मराठीत त्याचा उपयोग शून्य, पण चुकून दाबलं जाण्यात पहिला नंबर.

कमांड लिहायला घाबरत नाही, पण काय लिहितेय ते कळलं तर बरं.

रातकिडा

तुमचं कंट्रोल-सी मेलेलं नाही, फक्त ते आता कंट्रोल-सी राहिलेलं नाही. इनस्क्रिप्टमध्ये सी च्या कळीवर म असतो, व्ही वर न. यादीत फक्त मराठी असल्यामुळे प्रोग्रॅमकडे पोचतं ते कंट्रोल-म. प्रोग्रॅम वाट बघतोय रोमन सी ची. कंट्रोल-म चं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून तो गप्प.

इलाज सोपा. सेटिंग्ज, मग कीबोर्ड, मग लेआउट (कुठल्या कळीवर कुठलं अक्षर, तो तक्ता). तिथे इंग्रजी परत घाला आणि ती पहिल्या क्रमांकावर ठेवा, मराठी दुसऱ्या. टंकताना मराठीच चालू ठेवलीत तरी चालेल. जीटीके आणि क्यूटी या दोन्ही साच्यांत बनलेले प्रोग्रॅम असे आहेत की चालू लेआउटमध्ये शॉर्टकट जुळला नाही तर तीच कळ यादीतल्या इतर लेआउटमध्ये काय देते ते बघतात. तिथे सी सापडला की काम झालं. तुमच्या यादीत बघायला दुसरं काही नव्हतंच.

इंग्रजी निवडताना साधी अमेरिकन घेऊ नका. 'इंग्रजी, भारत, रुपयासह' असा एक लेआउट आहे, तो घ्या. बाकी सगळं अमेरिकनसारखंच, फक्त उजवं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतो. एक काम परस्पर झालं.

माळकरी_पेंग्विन

रातकिड्यांना +१. धागा भरकटण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण अशा प्रत्येक चर्चेत लोक भलत्याच ठिकाणी खोदत बसतात.

तुम्ही कळ दाबली की ती पाच नाक्यांवरून जाते. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला फक्त कळीचा नंबर कळतो. मग एक्सकेबी, जो त्या नंबराचं अक्षर करतो, म्हणजे सी की म ते इथे ठरतं. मग डेस्कटॉप किंवा विंडो मॅनेजर, तो आपल्या कामाचे शॉर्टकट इथेच काढून घेतो. त्यातून उरलेलं आयबससारख्या टंकन-यंत्रणेकडे. आणि सगळ्यांत शेवटी तुमचा प्रोग्रॅम. वरच्या नाक्यावर कळ अडवली गेली तर खालच्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे लिबरऑफिसमध्ये एखादा शॉर्टकट चालत नसला तर लिबरऑफिसची सेटिंग धुंडाळण्याआधी तो तिथवर पोचतोय का ते बघा.

बघायचं कसं? एक्स-११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) वर एक्सईव्ही नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, वेलँड (तिची जागा घेणारी नवी यंत्रणा) वर त्याचाच भाऊ डब्ल्यूईव्ही. चालवला की एक छोटी चौकट उघडते. तिच्यावर क्लिक करून कळ दाबा, टर्मिनलमध्ये त्या कळीचा नंबर आणि नाव छापून येतं. कळ दाबूनही काहीच छापलं नाही, तर ती वरच्या कुठल्यातरी नाक्यावर जप्त झाली म्हणून समजा. लॅपटॉपची एफएन कळ तर बहुतेक वेळा कर्नलपर्यंतही येत नाही, तिचा निकाल कीबोर्डच्या आतल्या आतच लागतो. तिच्यावर शॉर्टकट बसवायचा नाद सोडा.

निळी_शाई

एक्सएफसीईतल्या दोन याद्यांबद्दल. मीही एक्सएफसीईच वापरते.

'कीबोर्ड'मधली यादी प्रोग्रॅम सुरू करायची: टर्मिनल, फाइल मॅनेजर, स्क्रीनशॉट, तुमची स्वतःची कमांड. 'विंडो मॅनेजर'मधल्या कीबोर्ड टॅबची यादी खिडक्यांसाठी: बंद करणे, डावीकडे अर्ध्यात बसवणे, दुसऱ्या वर्कस्पेसवर नेणे. तुमचं सुपर-१ पहिल्या यादीत जाईल. 'ॲड' दाबा, कमांडच्या जागी थुनार (एक्सएफसीईचा फाइल मॅनेजर) लिहून एक जागा सोडून फोल्डरचा पूर्ण पत्ता द्या, मग सुपर-१ दाबा. तोच शॉर्टकट दुसऱ्या कशाला लावलेला असेल तर ते विचारतं, कुठला ठेवायचा ते सांगा.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर पत्ता अवतरणचिन्हांत घाला. आणि एका कमांडचं उत्तर दुसरीला पुरवायचं, असलं काही करायचं असेल तर ते थेट त्या चौकटीत चालणार नाही. ती चौकट म्हणजे टर्मिनल नव्हे. एक छोटी स्क्रिप्ट लिहून तिचा पत्ता द्या. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही हेच, अर्धी जनता 'टर्मिनलमध्ये चालतं पण शॉर्टकटवर चालत नाही' म्हणून इथेच अडकते.

गंमत म्हणजे दिसायला याद्या दोन असल्या तरी साठतात एकाच फाइलीत. होममधल्या डॉट-कॉन्फिगमध्ये एक्सएफसीई४ च्या आत शोधा, नावातच कीबोर्ड-शॉर्टकट्स आहे. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. परत जागेवर टाकायची झाल्यास मात्र लॉगआउट करून दुसऱ्या खात्यातून टाका. चालू सत्रात टाकलीत तर मागे चालू असलेली सेवा स्वतःच्या आठवणीतलं जुनं तिच्यावर लिहून मोकळी होते.

ढकलगाडी

थोडं अवांतर, पण प्रश्न तोच. मी विम या संपादकात लिहितो (त्यात नॉर्मल मोडमध्ये अक्षरं कमांड म्हणून चालतात, इन्सर्ट मोडमध्ये मजकूर म्हणून). इंग्रजी-मराठी दोन्ही लेआउट यादीत आहेत, तरी मराठी चालू असताना नॉर्मल मोडमध्ये काहीच चालत नाही. प्रत्येक वेळी एस्केप, मग लेआउट बदल, मग कमांड, मग परत लेआउट बदल. वैताग.

रातकिडा

@ढकलगाडी, विमच्या कमांड म्हणजे नुसती अक्षरं, त्यांत कंट्रोल वगैरे नसतं. 'दुसऱ्या लेआउटमध्ये बघू' हा वळसा तिथे लागू होत नाही. डेस्कटॉपचं लेआउट इंग्रजीच ठेवा आणि मराठी विमच्या आतून आणा. कीमॅप नावाचा पर्याय आहे, तो फक्त इन्सर्ट मोडमध्ये अक्षरं बदलतो. कंट्रोल-शिफ्ट-६ ने चालू-बंद. ईमॅक्सवाल्यांकडे हेच कंट्रोल आणि उलट्या तिरप्या रेघेवर फार पूर्वीपासून आहे.

आयबसवर एम१७एन या टंकन-जोडणीतून मराठी टंकणाऱ्यांची कंट्रोल-सीची रडगाणी म्हणूनच कमी असतात. तिथे लेआउट इंग्रजीच राहतं, अक्षरं मागाहून देवनागरी होतात, आणि कंट्रोल धरून दाबलेली कळ आयबस तशीच पुढे सोडतं. विमचा त्रास मात्र त्यानेही सुटत नाही.

राईनकाठ

जर्मनीतून हजेरी. इथल्या कीबोर्डवर झेड आणि वाय ची अदलाबदल असते. पुण्यात शिकलेली बोटं कंट्रोल-झेड समजून दाबतात ते निघतं कंट्रोल-वाय. पुसलेलं परत आणायला जावं तर आणखी काहीतरी भलतंच होतं. मी कीबोर्डवर काय छापलंय ते बघणं सोडलं आणि भारतीय इंग्रजी लेआउटच लावला.

माझा प्रश्न: व्हीएस कोड या प्रोग्रॅमिंगच्या संपादकात कंट्रोल आणि पूर्णविराम म्हणजे झटपट दुरुस्ती. माझ्याकडे ते दाबलं की एक अधोरेखित ई येतो आणि इमोजी निवडा म्हणतो. हे कुणाचं काम?

माळकरी_पेंग्विन

@राईनकाठ, चौथ्या नाक्याचं. आयबसने कंट्रोल-पूर्णविराम आणि कंट्रोल-अर्धविराम इमोजीसाठी धरून ठेवलेत. आयबसच्या सेटिंगमध्ये इमोजी नावाचा टॅब आहे, तिथून दोन्ही काढून टाका. व्हीएस कोडमध्ये काही शोधू नका, बिचाऱ्याचा काही दोष नाही.

व्हीएस कोडमध्ये मराठी लेआउट चालू असताना बाकी शॉर्टकट घोटाळा करत असतील तर त्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड-डिस्पॅच आहे, ते कीकोडवर ठेवा. मग तो अक्षर न बघता कळीची जागा बघतो.

ओसरी

इंग्रजी परत घातली आणि कंट्रोल-सी जिवंत झालं! मनगटाकडून रातकिड्यांचे आभार. सुपर-१, सुपर-२ पण झाले. रुपया आला. आता कॅप्सलॉक आणि अवतरणचिन्हं.

निळी_शाई

कॅप्सलॉकलाच मराठी-इंग्रजीचं बटण करा. लेआउटच्याच टॅबवर 'लेआउट बदलण्याचा पर्याय' म्हणून यादी आहे, त्यात कॅप्सलॉक निवडा. कंट्रोल-शिफ्ट किंवा ऑल्ट-शिफ्ट मुद्दाम टाळा. एक्स-११ वर ती जोडी दाबताक्षणी लेआउट बदलतं, सोडल्यावर नाही. म्हणजे ब्राउझरचा बंद टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी दाबायला जावं तर टी पर्यंत पोचायच्या आत भाषा बदललेली. हा एक्स-ऑर्गचा (एक्स-११ चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) फार जुना, नामांकित बग आहे, २००४ पासून नोंदलेला.

दिव्याचीही सोय आहे. एक्सकेबीच्या पर्यायांत 'लेआउट दाखवायला कॅप्सलॉकचा दिवा वापरा' असा एक आहे. मराठी चालू असली की दिवा लागतो. मिंटमध्ये तो द्यायचा तर ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाची फाइल आहे, तिच्यातल्या एक्सकेबी-ऑप्शन्सच्या ओळीत. पासवर्ड टंकताना नजर त्या दिव्याकडे गेली की अर्धे 'पासवर्ड चुकला' वाचतात.

रातकिडा

अवतरणचिन्हांचं जरा खोलात जाऊन सांगतो, कारण नेटवर मिळणारा इलाज मराठीत फसतो.

नेहमीचा सल्ला म्हणजे कंपोज कळ. एक कळ कंपोज म्हणून नेमायची, उदाहरणार्थ उजवं कंट्रोल. ती दाबून सोडायची, मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह, मग दुहेरी अवतरण. लगेच “ उमटतं. उलट बाजूला ”. इंग्रजीत उत्तम. पण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-स्वल्पविराम म्हणजे ष, आणि अवतरणाच्या कळीवर बसलेत ट आणि ठ. तुम्ही दाबता 'पेक्षा लहान' आणि अवतरण, कंपोजला दिसतं ष आणि ठ. असा जोड त्याच्या कोष्टकात नाही, म्हणून काहीच उमटत नाही. लोकांना वाटतं कंपोज बिघडलंय.

मग कोष्टक आपलंच लिहायचं. होममध्ये डॉट-एक्सकंपोज नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत मूळ कोष्टक सामावून घ्यायची सूचना द्या: इन्क्लूड, आणि अवतरणांत टक्केचिन्ह व मोठा एल. ही ओळ विसरलात तर मूळचे सगळे जोड गायब. पुढच्या ओळींत आपले जोड: कंपोज, ट, ट असेल तर “, आणि कंपोज, ठ, ठ असेल तर ”. अक्षराच्या जागी मोठा यू आणि त्याचा युनिकोड क्रमांक लिहायचा, ट साठी ०९१एफ, ठ साठी ०९२०. एकेरी अवतरणासाठी त, त आणि थ, थ करा, तुमची मर्जी. लॉगआउट करून परत आलात की सुरू.

हाताला सोपं जातं, कारण ट-ठ ची कळ तीच, जिच्यावर अवतरणचिन्ह छापलेलं असतं. कळ तीच, अर्थ आपला.

कोकणकडा

सगळं वाचतोय आणि एकच प्रश्न पडतो: कशाला? जे शॉर्टकट आहेत तेच शिकून घ्यावेत. मी ऑफिसात तीन लोकांची मशीन सांभाळतो. ज्याने त्याने आपापली गंमत करून ठेवलेली असते. एकाच्या मशीनवर कॅप्सलॉक म्हणजे एस्केप, दुसऱ्याच्या मशीनवर कंट्रोल. मी बसलो की हात बांधल्यासारखे होतात. आणि जे स्वतःचं सगळं बदलून ठेवतात, ते बाहेर कुठेही बसले की पांगळे.

ढकलगाडी

@कोकणकडा, मुद्दा मान्य, पण ओसरीताई दुसऱ्याच्या मशीनवर कितीदा बसणार? दिवसभर ज्या यंत्रावर पोट आहे ते आपल्या हाताला बसवायला काय हरकत? दुसऱ्याची मशीन सांभाळणाऱ्याने स्वतःपुरतं एक वेगळं खातं ठेवावं, विषय संपला.

माळकरी_पेंग्विन

दोघांचंही बरोबर आहे. माझा नियम: कंट्रोलवाले शॉर्टकट प्रोग्रॅमचे, त्यांना हात लावायचा नाही. सुपर कळ डेस्कटॉपची, तिथे काय हवा तो धुडगूस घाला. भांडणं होतात ती डेस्कटॉपने कंट्रोल-ऑल्ट किंवा नुसतं ऑल्ट पकडून ठेवल्यामुळे. इंटेलिजे या कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-ऑल्ट-डावा बाण म्हणजे मागच्या जागी जा, आणि उबुंटूवर तोच वर्कस्पेस बदलतो. सिनॅमन डेस्कटॉपवर कंट्रोल-ऑल्ट-एल ने पडद्याला कुलूप लागतं, इंटेलिजेत त्याने कोड नीट मांडला जातो. ब्लेंडरवाल्यांना ऑल्ट धरून क्लिक करायचं असतं तर खिडकीच सरकायला लागते. अशा वेळी डेस्कटॉपची कळ काढून सुपरवर न्यायची, प्रोग्रॅमची तशीच ठेवायची. मग दुसऱ्याच्या मशीनवरही फारसं अडत नाही.

बोरूबहाद्दर

नवा लॅपटॉप घेतलाय, त्यावर मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची, कोपायलटची, कळ आहे. लिनक्सवर ती शोभेलाच. काही करता येईल का? आणि टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी ने कॉपी का होत नाही, हे कुणी एकदा सांगूनच टाका.

रातकिडा

आधी दुसरं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चालू काम थांबवण्यासाठी वापरात होतं, कॉपी-पेस्ट नंतर आलं. म्हणून कॉपीला तिथे कंट्रोल-शिफ्ट-सी. टर्मिनल अचानक गोठलं तर बहुधा कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं, कंट्रोल-क्यू ने सुटतं.

कोपायलटची कळ म्हणजे एक कळ नाहीच. ती डावं सुपर, डावं शिफ्ट आणि एफ-२३ एकदम पाठवते. डेस्कटॉपच्या यादीत हा जोड कधी पकडला जातो, कधी नाही. पहिल्या नाक्यावरच बदलायचं असेल तर कीडी नावाचा प्रोग्रॅम. तो कर्नलच्या पातळीवर काम करतो, त्यामुळे एक्स-११, वेलँड, लॉगिनचा पडदा, सगळीकडे तेच लागू. कॅप्सलॉक नुसतं दाबलं तर एस्केप आणि धरून ठेवलं तर कंट्रोल, हे त्यात एका ओळीत होतं. फाइलीत काही गडबड होऊन कीबोर्डच अडकला तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा, कीडी स्वतःहून बंद पडतो. हे आधी पाठ करा, मग प्रयोग करा.

राईनकाठ

वाखु (वाचनखूण) साठवली. इमोजीचा ई गेला, धन्यवाद. स्वे किंवा आय-थ्री हे विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांसाठी भर: मराठी चालू असताना मॉड-एंटर (मॉड म्हणजे तिथे शॉर्टकटसाठी नेमलेली कळ) चालतं पण मॉड-डी चालत नाही अशी तक्रार ऐकू येते. कारण तेच, डी च्या कळीवर हलन्त आहे. स्वेमध्ये बाइंडसिमच्या पुढे टू-कोड हा पर्याय लिहा, आय-थ्रीमध्ये बाइंडकोड वापरा. दोन्हींत अक्षराऐवजी कळीचा नंबर बघितला जातो.

ओसरी

कॅप्सलॉकचा दिवा लागला की मराठी, विझला की इंग्रजी. कंपोज-ट-ट ने “ आलं तेव्हा भाच्याला फोन करून सांगितलं, त्याला काहीच कळलं नाही.

शेवटचं विचारते. एका मैत्रिणीने एक्सडीओटूल सुचवलं आहे, सुपर-३ ला 'लेखकाला विचारा' असा माझा नेहमीचा शेरा आपोआप टंकला जाईल म्हणून. पण भाचा म्हणतो पुढेमागे सगळं वेलँडवर जाणार. मग आज केलेलं सगळं वाया जाणार का?

माळकरी_पेंग्विन

सगळं नाही. लेआउटची यादी, कॅप्सलॉकने भाषा बदलणे, रुपया, हे सगळं एक्सकेबीचं. वेलँडवरही तेच आहे, फक्त सेटिंगची चौकट बदलेल. कंपोजची फाइलही बहुतेक प्रोग्रॅम वाचतात. सुपर-१, सुपर-२ नव्या डेस्कटॉपच्या यादीत परत घालावे लागतील, पाच मिनिटांचं काम.

एक्सडीओटूल मात्र तिथे थांबेल. एक्स-११ वर कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत कळा ढकलू शकतो, आणि दुसऱ्याच्या खिडकीत काय टंकलं जातंय तेही चोरून ऐकू शकतो, पासवर्डसकट. वेलँडने ते दार मुद्दाम बंद केलंय. प्रोग्रॅमने डेस्कटॉपकडे रीतसर परवानगी मागून जागतिक शॉर्टकट घ्यायची सोय आता आहे, केडीई प्लाझ्मात ५.२७ पासून, म्हणजे २०२३, आणि ग्नोममध्ये ४८ पासून, मार्च २०२५. पण ती शॉर्टकट ऐकण्यापुरती. दुसऱ्या खिडकीत टंकायला वायडीओटूल आहे, त्याची मांडणी जरा किचकट, आणि देवनागरी टंकायला तो सरळ नाही, कारण तो कळा पाठवतो, अक्षरं नाही.

तुमच्या शेऱ्यासाठी लिबरऑफिसचा ऑटोटेक्स्ट वापरा. शेरा निवडून कंट्रोल-एफ३ दाबा, त्याला एक छोटं नाव द्या, उदाहरणार्थ लेवि. पुढच्या वेळी लेवि टंकून नुसतं एफ३. हे प्रोग्रॅमच्या आतलं आहे, एक्स-११ असो की वेलँड, त्याला फरक पडत नाही. आणि मिंट २२ ची एक्सएफसीई आज तरी एक्स-११ वरच आहे, तेव्हा घाई कसलीच नाही.

ओसरी

लेवि, एफ३. झालं. उद्यापासून दोनशे पानी हस्तलिखित आहे, त्यात हा शेरा बराच लागणार आहे.